ओमोरी (इवामी गिन्झान): एवढ्याशा दरीत दोन लाख माणसं?

ताम्रपट

जपानच्या होन्शू बेटाच्या पश्चिमेला, जपान समुद्राच्या बाजूला शिमाने प्रीफेक्चर आहे. त्यातल्या ओदा शहराच्या हद्दीत ओमोरी नावाचं गाव लागतं. आजची वस्ती चारशेच्या आसपास. मुख्य रस्ता जेमतेम किलोमीटरभर, दोन्ही बाजूंना डोंगर, मधून ओढ्याएवढी नदी. रस्त्याच्या एका टोकाला जुनी मामलेदार कचेरी, दुसऱ्या टोकाला राकानजी हे मंदिर. तिथून वर दरीत गेलं की इवामी गिन्झान, म्हणजे चांदीच्या खाणी. १६व्या-१७व्या शतकात जगातल्या चांदीपैकी सुमारे एकतृतीयांश जपानमधून निघत होती असा अंदाज दिला जातो, आणि त्यात मोठा वाटा या डोंगराचा. २००७ मध्ये हे जागतिक वारसा यादीत गेलं.

इथवर ठीक. पण खाणीच्या जुन्या बखरीत असं आहे की १७व्या शतकाच्या सुरुवातीला इथे दोन लाख माणसं, २६,००० घरं आणि शंभर देवळं होती, आणि रोज १,५०० कोकु (धान्याचं जुनं जपानी माप) तांदूळ लागत असे. पर्यटनाच्या लेखांत हा आकडा बिनदिक्कत छापतात. माझं मत स्पष्ट आहे: हे अशक्य आहे. नकाशा उघडून दरीची रुंदी बघा, मग बोला.

आणि दुसरा प्रश्न. जपानभर डोंगर आहेत, चांदीही इतरत्र होती. मग नेमकं इथूनच एवढं सगळं का सुरू झालं? जाणकारांनी लिहावं.

खडकचंपा

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. खाणीचा डोंगर म्हणजे सेन्नोयामा, उंची ५३७ मीटर. हा जुना ज्वालामुखी आहे, साधारण १५ लाख वर्षांपूर्वीचा. खालून आलेलं गरम, खनिजयुक्त पाणी वरच्या खडकात मुरलं आणि चांदी तिथेच बसली.

इथे दोन वेगळे साठे आहेत, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. वरच्या अंगाला फुकुइशी साठा. तिथला खडक ज्वालामुखीच्या राखेचा, सच्छिद्र आणि मऊ. चांदी त्यात बारीक कणांनी विखुरलेली, तांबं नगण्य. छिन्नी-हातोडीने फोडता येतो आणि गाळायलाही सोपा. पश्चिमेकडे आणि खाली एइक्यू साठा. तिथे कठीण खडकात शिरा आहेत आणि चांदीबरोबर तांबं येतं. ते वेगळं करायचं म्हणजे जास्त शिसं, जास्त कोळसा, जास्त वेळ.

थोडक्यात, सोपा माल डोंगराच्या डोक्यावर उघडा पडलेला होता. हाकाता बंदराचा व्यापारी कामिया जुतेई १५२७ मध्ये (काही नोंदींत १५२६) तांबं घ्यायला इझुमोकडे जहाजाने जात होता, तेव्हा समुद्रातून त्याला डोंगर चमकताना दिसला अशी कथा आहे. चमकण्याचं सोडून द्या, पण चांदी माथ्यावरच उघडी होती हे खरं. सुरुवातीचं काम बोगद्यांचं नव्हतं, वरून चर खणून शिरेमागे जायचं.

सोपा माल संपला की खाली जावं लागतं आणि खाली पाणी असतं. उतरती कळा इथूनच लागली.

निवांत_नाना

म्हणजे सुरुवातीला आलेल्यांची शब्दशः चांदी झाली, नंतरच्यांना नुसतं पाणी.

भाताकोळसा

खडकचंपा यांनी अर्धं उत्तर दिलं, उरलेलं भट्टीत आहे. पहिली काही वर्षं इथे चांदी गाळतच नव्हते, खनिज जहाजात भरून हाकाताला पाठवत. दगडाचं वजन वाहायचं आणि त्यातून मूठभर धातू. १५३३ मध्ये जुतेईने सोतान आणि केइजु हे दोन कारागीर आणले आणि जागेवरच हाइफुकी पद्धत सुरू झाली. पद्धत कोरियातून आलेली. कोरियात १५०३ मध्ये दोन कारागिरांनी ती राजापुढे करून दाखवल्याची नोंद आहे.

कृती अशी:

खनिज आधी दगडी ऐरणीवर बारीक कुटायचं. ओमोरीत खळगे पडलेले असे दगड अजून सापडतात. मग पाण्यात फळीवर हलवत धुवायचं, म्हणजे हलकी माती वाहून जाते आणि जड भाग मागे राहतो. हे कंटाळवाणं काम नीट केलं नाही तर पुढे सगळी मळीच होते.

धुतलेला माल शिशाबरोबर भट्टीत वितळवायचा. शिसं चांदीला आपल्यात ओढून घेतं. वर तरंगणारी मळी काढून टाकायची, तळाला चांदीमिश्रित शिसं उरतं.

आता खरा भाग. जमिनीत खळगा किंवा लोखंडी कढई, त्यात राख दाबून बसवायची. तिच्यावर ते मिश्रण ठेवून, वरून कोळसा पेटवून भात्याने वारा मारायचा. शिशाचा वाऱ्याशी संयोग होऊन ऑक्साइड बनतं, ते पातळ होऊन राखेत मुरतं. चांदी मुरत नाही, गोळा होऊन वर राहते. शेवटी पृष्ठभागावर रंगीत पापुद्रा फिरतो, फाटतो, आणि गोळा एकदम लखकन उजळतो. तिथे थांबायचं.

चुकतं कुठे? राख ओली राहिली तर वाफ होऊन धातू उडतो. आच कमी पडली (शिशाचं ऑक्साइड साधारण ८८८ अंशांना वितळतं) तर पापुद्रा थिजतो आणि काम अडतं. आच जास्त झाली तर शिशाच्या धुराबरोबर थोडी चांदीही जाते. मालात तांबं असेल तर एका फेरीत भागत नाही, पुन्हा शिसं घालावं लागतं. राखही कुठलीही चालत नाही, क्षार असलेली राख स्वतःच वितळून चिकटते. खाणीच्या परिसरात उत्खननात सापडलेल्या लोखंडी कढईत हाडांची राख मिळाली, ती याच कामाची. हाडांची राख आचेत टिकते आणि शिसं छान पिते.

मीठभाकर

@भाताकोळसा, एवढं शिसं फुकट जात होतं का? शिसं स्वस्त नसणार.

भाताकोळसा

जात नव्हतं. शिसं प्यालेली राख कोळशाबरोबर पुन्हा भट्टीत घातली की ऑक्साइडचं परत शिसं होतं. थोडी घट येते, बाकी फिरतं भांडवल. फुकट जायचं ते भट्टीवाल्यांचं आयुष्य, शिशाच्या धुरात.

परिणाम किती झपाट्याने झाला बघा. त्याआधी कोरियाकडून जपानकडे चांदी यायची. १५४२ मध्ये जपानी दूताने कोरियात ८०,००० ल्यांग चांदी विकायला नेली, म्हणजे तीन टन. दरबाराची पंचाईत झाली, एवढी घ्यायची कशी! इथूनच ही पद्धत पुढे इकुनो आणि सादोच्या खाणींत गेली. त्यामुळे "इथूनच का" याचं माझं उत्तर: सोपा खडक आणि नवी भट्टी यांची गाठ सर्वांत आधी इथे पडली.

गोंयकार_७

आता गोव्याचा धागा जोडतो, ओढूनताणून नाही. पोर्तुगीजांची जपान फेरी गोव्याहूनच ठरत असे. फेरीचा कप्तान राजाच्या किंवा गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हुकमाने नेमला जाई. जहाज उन्हाळ्यात, साधारण एप्रिल-मेमध्ये गोवा सोडायचं, मलाक्कामार्गे मकावला जायचं, तिथे चिनी रेशीम भरायचं, पुढच्या मोसमी वाऱ्यावर जपान गाठायचं. १५७१ पासून मुख्य बंदर नागासाकी. रेशीम देऊन चांदी घ्यायची, ती मकावला देऊन पुन्हा रेशीम. मिंग चीनमध्ये कर चांदीत भरायचे असल्यामुळे तिथे चांदीला भाव होता. पोर्तुगीज मधले अडते.

त्यांच्या कागदांत "सोमा" चांदी असा उल्लेख येतो, तो खाणीच्या सामा या गावावरून. ही चांदी चोख मानली जाई. फ्रान्सिस झेवियरने १५५२ च्या एप्रिलमध्ये गोव्याहून लिहिलेल्या पत्रात कॅस्टिलचे (स्पेनचे) लोक या बेटांना चांदीची बेटं म्हणतात असं आहे. आणि फेर्नांव वाझ दोउरादो हा नकाशाकार गोव्यातच जन्मलेला. त्याच्या १५६८ च्या जपानच्या नकाशावर "चांदीच्या खाणींचं राज्य" असं लिहिलेलं आहे. पुढे १५९५ मध्ये ऑर्टेलियसच्या नकाशासंग्रहात आलेल्या तेशेराच्या नकाशावर तर "हिवामी" हे नाव आणि चांदीच्या खाणी दोन्ही आहेत.

पैठणी_पदर

गोंयकार, माहिती उत्तम, पण पोर्तुगीजांना जरा जास्त श्रेय मिळतंय. चांदी बाहेर नेणाऱ्यांत चिनी व्यापारी, चाचे म्हणवले गेलेले चिनी-जपानी दर्यावर्दी, त्सुशिमामार्गे कोरियाशी व्यापार करणारे, पुढे शिक्क्याचा परवाना घेऊन जाणारी जपानी जहाजं आणि डच हे सगळे होते. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना बंदी झाली तरी चांदी बाहेर जातच राहिली. नकाशे युरोपात उरले म्हणून आपल्याला तेच दिसतात.

गोंयकार_७

मान्य. अडते म्हटलं ते त्याच अर्थाने.

निवांत_नाना

अडत्यांना श्रेय द्यायला आमचं मार्केट यार्ड पुरेसं आहे.

बोगदा_पोगदा

आत काय होतं ते लिहितो. बोगद्याला तिथे माबु म्हणतात. नोंदलेले माबु सहाशेच्या वर आहेत. खोदाईचा साधारण हिशेब चार शाकु उंच, दोन शाकु रुंद, म्हणजे १.२ मीटर बाय ६० सेंटिमीटर. पाच माणसं आळीपाळीने खोदून दहा दिवसांत तीन मीटर पुढे जात. शिर मिळाली की तिच्यामागे आडव्या पोटबोगद्यात शिरायचं.

उजेडासाठी साझाए नावाच्या समुद्री शंखात तेल घालून वात. धूर तिथेच कोंडायचा. हवेसाठी धान्य पाखडायच्या पंख्याच्या यंत्रासारखं यंत्र तोंडाशी लावून वारा आत ढकलत. पाणी हा कायमचा शत्रू: वरच्या पातळीवर पखाली आणि बांबूचे पंप, शिवाय डोंगराच्या खालच्या अंगाने पाणी काढायला वेगळे आडवे बोगदे. र्‍युगेन्जी माबुत (१७१५) सुमारे १०० मीटर खोल विहीर आहे, तिच्यातून पाणी खालच्या एइक्यू बोगद्यात सोडत.

धूर, दगडाची धूळ आणि कोंडलेली हवा यांनी छाती जायची. तिशी गाठलेल्या खाणकामगाराला अख्खा ताई मासा आणि लाल भात करून दीर्घायुष्याचा सोहळा करत असं सांगतात. १८५०च्या दशकात कासाओकाचा वैद्य मिया ताच्यू याने मुखवटा तयार केला: तारेचा सांगाडा, त्यावर रेशीम, आत खारवलेल्या उमेचा (आंबट जपानी फळाचा) गर. धूळ अडते आणि आंबट वासाने लाळ सुटून घसा ओला राहतो.

मीठभाकर

तिशीला साठीशांत. पुढचं वाचायला जड गेलं.

रताळ्याचा_कीस

सदस्यनामाला जागून लिहिते. ओमोरीत इदो नावाच्या अधिकाऱ्याचं देऊळ आहे. इदो हेइझाएमोन मासाआकिरा १७३१ मध्ये इथे मामलेदार म्हणून आला तेव्हा साठीचा होता. पुढच्याच वर्षी पश्चिम जपानात क्योहोचा दुष्काळ पडला, तुडतुड्यांच्या धाडीने भात गेला. त्याने सरकारी कोठार उघडलं, कर कमी केले, आणि सात्सुमाहून रताळ्याचं बेणं मागवलं.

पहिली लावणी बहुतेक फसली. बेणं आलं तेव्हा हंगाम उलटत आला होता, आणि रताळं थंडीला फार नाजूक. १० अंशांखाली फार दिवस राहिलं की आतून काळं पडून सडतं, उगवत नाही. किनाऱ्याकडच्या फुकुमित्सु भागातल्या एका शेतकऱ्याकडचं टिकलं, त्यावरून बेणं पसरलं. तो भाग समुद्राजवळ, हिवाळा सौम्य, जमीन हलकी. डोंगरात ओमोरीला ते टिकलं नसतं. शिमाने, हिरोशिमा, तोत्तोरी भागात इदोच्या नावाचे शेकडो दगड आहेत. लोक त्याला रताळेवाला मामलेदार म्हणतात. तो स्वतः १७३३ मध्ये कासाओकाला वारला.

खडकचंपा

याच फुकुमित्सुचा दगड राकानजीतल्या मूर्तींना वापरलाय, हेही सांगून टाकते. मऊ, कोरायला सोपा टफ, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा खडक. ५०१ अर्हत (बुद्धाचे शिष्य), काम पूर्ण १७६६, लागली पंचवीस वर्षं, खाणीत मेलेल्यांच्या शांतीसाठी. ओढ्यावर त्याच दगडाचे तीन कमानी पूल. मऊ दगडाचा तोटा असा की दमटपणात त्याचे पापुद्रे सुटतात, म्हणून मूर्ती गुहेत आहेत हे बरंच.

वाटसरू_२

रस्त्यांशिवाय हा धागा अपुरा. सुरुवातीचं बंदर तोमोगाउरा, खाणीपासून सात किलोमीटर. मग मोरी घराण्याच्या काळात (१५६२ पासून) ओकिदोमारी, वाटेने सुमारे बारा किलोमीटर, उष्ण पाण्याच्या झऱ्यांच्या युनोत्सु गावाला लागून. दोन्ही ठिकाणी खडकात कोरलेले दोर बांधायचे भोक असलेले खुंट अजून आहेत. खाडी अरुंद आणि खोल, वारा लागत नाही, पण मागे सपाट जागा जवळजवळ नाही.

सेकिगाहाराच्या लढाईनंतर सत्तेवर आलेल्या तोकुगाव घराण्याने खाण थेट आपल्याकडे घेतली, ओकुबो नागायासु हा पहिला मोठा अधिकारी. त्याच्या काळात चांदी समुद्राऐवजी जमिनीने आतल्या (सेतो) समुद्रावरच्या ओनोमिचीला जाऊ लागली. सुमारे १३० किलोमीटर, मध्ये चुगोकु डोंगररांग, तीन मुक्काम, बैल आणि घोडे बदलत. लांबचा रस्ता का? हिवाळ्यात जपान समुद्रावर वायव्येचा वारा सुटतो, महिनोन्महिने जहाज भरवशाचं नाही. शिवाय सरकारी चांदी बुडण्यापेक्षा चार दिवस उशिरा पोचलेली परवडते. वाटेतल्या गावांवर माणसं-जनावरं पुरवायची सक्ती होती, त्याबद्दलच्या तक्रारी पुष्कळ.

हिशेबनीस

मूळ मुद्द्याकडे या आता. आकडेमोड करून बघू.

१ कोकु म्हणजे १,००० गो, वजनाने सुमारे १५० किलो तांदूळ. रोज १,५०० कोकु म्हणजे १५ लाख गो, २२५ टन. दोन लाख डोक्यांत वाटलं तर प्रत्येकी साडेसात गो, म्हणजे १,१२५ ग्रॅम, तान्ह्या बाळासकट. त्या काळी सामुराईच्या पदरच्या एका माणसाचा शिधा दिवसाला पाच गो धरत. त्या मापाने १,५०० कोकुवर तीन लाख माणसं जेवतील. वर्षाला माणशी एक कोकु धरलं तर साडेपाच लाख! बखरीतले दोन आकडे एकमेकांनाच जुळत नाहीत.

वाहतूक बघा. एका घोड्यावर तांदळाच्या दोन गोण्या, साधारण ०.८ कोकु. म्हणजे रोज १,८७५ घोडे भरून वर. रात्रंदिवस चालले तरी दर ४६ सेकंदांना एक, आणि तेवढेच रिकामे खाली. वाटसरू यांनी सांगितलेल्या त्या अरुंद वाटेवर. पाऊस, बर्फ, चाऱ्याचा प्रश्न वेगळाच.

पैठणी_पदर

हिशेब बरोबर, पण ताम्रपट यांचा युक्तिवादही लंगडा आहे. "दरीची रुंदी बघा" म्हणताना तुम्ही आजचं ओमोरी बघताय. कामगारांची वस्ती दरीत नव्हती, डोंगरावर होती. सेन्नोयामाच्या अंगावर उतार तोडून केलेल्या सपाट जागा हजारावर सापडल्यात. माथ्याजवळच्या इशिगाने भागात उत्खननात रस्ता, घरांच्या जोती आणि भट्ट्यांचे अवशेष निघाले. घर आणि भट्टी एकाच छपराखाली. आज तिथे नुसता बांबू आणि सुगी (जपानी देवदार) झाडं, म्हणून कल्पना येत नाही. पूर्ण खाण परिसराला तोकुगाव काळात कुंपण होतं, आत जाणाऱ्या वाटांवर चौक्या, मालावर कर. ओमोरी हे कुंपणाबाहेरचं कचेरीचं गाव. तेव्हा दोन लाख नाही, पण "अशक्य" म्हणून चारशेवरही आणू नका.

ताम्रपट

पैठणी_पदर, मुद्दा पोचला. जागेचा युक्तिवाद मागे घेतो, तांदळाचा ठेवतो. हजार सपाट जागा, त्यातल्या काही भट्ट्यांच्या, काही नुसत्या खनिज कुटायच्या. एका जागेवर दोन-तीन घरं धरली तरी आकडा हजारांत राहतो, लाखांत जात नाही. बंदरं आणि आसपासची कोळसा-लाकूड पुरवणारी गावं धरली तर वाढेल. बखर लिहिणाऱ्याने बहुधा भरभराट दाखवायला मोठे गोल आकडे घातले.

कौलारू

लाकडावरून. जागतिक वारशाच्या वेळी तज्ज्ञ समितीने आधी प्रस्ताव पुढे ढकलायची शिफारस केली होती. मग जपानने मुद्दा मांडला की एवढी भट्टी जळूनही डोंगर उघडा पडला नाही, तोड ठरवून आणि लागवड करून होत असे. तो चालला. अंशतः खरा असावा, पण १९२३ ला खाण बंद पडल्यावर शंभर वर्षांत काहीही उगवतं, हेही लक्षात घ्या. आणि गावातली तांबूस-तपकिरी कौलं बघाच: सेकिशु कौलं, १,२०० अंशांवर भाजलेली. पाणी कमी पितात, म्हणून गोठून तडकत नाहीत. साधं कौल त्या बर्फात दोन-चार हिवाळ्यांत फुटेल.

मीठभाकर

कोणी जाणार असेल तर काय बघावं आणि कसं, हेही एकदा लिहा ना.

वाटसरू_२

ओकायामाहून याकुमो गाडीने इझुमोशी, साधारण तीन तास. तिथून सानइन मार्गावर ओदाशी स्टेशन, मग बसने ओमोरी, अर्ध्या तासाच्या आत. बस थोड्या, परतीची वेळ आधी बघून ठेवा. स्वतःची गाडी असेल तर वारसा केंद्राच्या वाहनतळावर ठेवायची.

ओमोरीहून र्‍युगेन्जी माबु २.३ किलोमीटर चढ. पूर्वी तिथवर बस जात असे. वारसा यादीत गेल्यावर गर्दी इतकी झाली की अरुंद रस्त्यावर आवाज आणि धुराने गावकरी हैराण झाले, आणि २००८ मध्ये ती बंद केली. चालत किंवा भाड्याच्या सायकलने जाता येतं. सायकल विजेची घ्या, साधीने जाताना जीव जातो. वाटेत शिमिझुदानीचा कारखाना लागतो: १८९५ मध्ये मोठ्या खर्चाने बांधला, दीड वर्षात बंद, कारण माल अपेक्षेएवढा निघाला नाही. दगडी पायऱ्यापायऱ्यांच्या भिंती उरल्यात.

र्‍युगेन्जी माबु एकूण ६०० मीटर, त्यातला १५७ मीटर जुना भाग खुला, पुढे बाहेर पडायला ११६ मीटर नवा बोगदा. ओकुबो माबु याहून मोठा, पण फक्त वाटाड्याबरोबर, ठरावीक दिवशी, हिवाळ्यात बंद. आधी नोंदणी करा.

निवांत_नाना

आत गारवा असतो म्हणे. चपलांवर चालेल का?

बोगदा_पोगदा

नाही चालणार. ओकुबोत खाली चिखल-पाणी असतं, तिथे गमबूट आणि शिरस्त्राण देतात. र्‍युगेन्जीत बूट चालतात, पण तळ ओला, पकड असलेले घाला. आतलं तापमान वर्षभर साधारण एकच, भर उन्हाळ्यातही अंगावर काहीतरी लागतं. आणि सहा फुटांच्या माणसाने मान सांभाळावी.

हिशेबनीस

छत्रीही. त्या किनाऱ्यावर म्हणतात, डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका.